रॉटरडॅममधला एक दिवस: बेळगावकडून जाणाऱ्यांसाठी बाजार, इमारती आणि रस्त्यावरच्या शिल्पांचा आराखडा

मुलगा-सून नेदरलँड्सला नोकरीला आणि आई-बाबा दोन-तीन महिने त्यांच्याकडे, अशी घरं आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सहज सापडतात. तिथं गेलं की आधी ॲमस्टरडॅम होतं, मग ट्यूलिपची बाग होते. त्यानंतर एक अख्खा दिवस हाताशी असेल तर तो रॉटरडॅमला द्यावा. हॉलंड म्हणजे कालव्याकाठची चिंचोळी जुनी घरं, एवढंच डोक्यात बसलेलं असेल तर ते इथं मोडतं.

१४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी या शहराच्या मध्यावर बाँब टाकले. हल्ला जेमतेम पंधरा मिनिटांचा होता, पण त्यातून उठलेल्या आगीत शहराचा मध्यभाग जळून गेला. सुमारे ८५० माणसं गेली आणि ८० हजारांच्या आसपास बेघर झाली. युरोपातल्या काही शहरांनी युद्धानंतर जुन्याच नकाशावर जुन्यासारखं पुन्हा बांधलं. रॉटरडॅमनं मलबा उचलला आणि नव्यानं आखणी केली. म्हणून इथली प्रत्येक इमारत पाहताना एकच प्रश्न मनात ठेवा: मोकळ्या झालेल्या जागेत यांनी काय बांधायचं ठरवलं, आणि का? तो प्रश्न सोबत असला की दिवस नुसत्या फोटोंचा राहत नाही.

वार आधी ठरवा

मंगळवार किंवा शनिवार. मोठा उघडा बाजार याच दोन दिवशी भरतो. सोमवारी संग्रहालयाचा कलावस्तूंचा डेपो (तो पुढं येतो) बंद असतो, आणि बुधवारी गेलात तर बाजाराचं मैदान मोकळं दिसेल. दोन्हींतून निवडायचं झालं तर वयस्कर माणसं बरोबर असताना मंगळवार घ्या. शनिवारी दुपारी गणपत गल्लीत दिवाळीच्या आधी होते तशी गर्दी होते आणि कुणाचा हात सुटला तर शोधत बसावं लागतं.

बेळगावातच उरकायची कामं

पहिलं काम कार्डाचं. आपल्या बँकेची डेबिट-क्रेडिट कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बहुतेक वेळा बंद ठेवलेली असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ अशी दोन्ही बटणं चालू करा. एकच चालू केलं की दुकानात चालतं पण मेट्रोच्या फाटकावर अडतं. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड असावं, रुपेवर विसंबून निघू नका. तिकडे बरीच दुकानं रोख घेत नाहीत, तर बाजारातल्या काही गाड्यांवर परदेशी कार्ड चालत नाही. म्हणून कार्डाबरोबर वीस-तीस युरोंच्या सुट्या नोटा ठेवा. पन्नासच्या पुढची नोट कुणी हातात धरत नाही.

दुसरं, पाय. खाली दिलेला रस्ता सगळा चाललात तर सात-आठ किलोमीटर होतात. व्हॅक्सिन डेपोत रोज सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना ते जड नाही. बाकीच्यांनी निघण्याआधी महिनाभर सवय करावी आणि नवे बूट घरीच मुरवून घ्यावेत, तिथं पहिल्यांदा घालू नयेत.

तिसरं, पाऊस. आपल्याकडच्यासारखा चार-चार दिवस कोसळणारा पाऊस तिथं नसतो. दहा मिनिटं येतो, जातो, पुन्हा येतो, आणि बरोबर आडवा वारा असतो. नदीवरच्या पुलावर छत्री हमखास उलटी होते. टोपीचा रेनकोट न्या, छत्री घरी ठेवा. आपल्या शेतकऱ्याची घोंगड्याची खोळ जे काम करते तेच इथं हवं: डोकं आणि खांदे झाकलेले, दोन्ही हात मोकळे.

गाडी, फाटक आणि कार्ड टेकवणं

नेदरलँड्समधल्या रेल्वे, मेट्रो, ट्राम, बस सगळीकडे बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं. चढताना टेकवा, उतरताना टेकवा. चुका नेमक्या इथंच होतात. चढताना कार्ड आणि उतरताना त्याच कार्डाचा फोन टेकवला, तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दोन्हीकडे अर्धवट प्रवास म्हणून जादा पैसे कापले जातात. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, माणशी एक कार्ड लागतं. रेल्वेतून उतरून मेट्रो घ्यायची तर रेल्वेतून ‘बाहेर’ आणि मेट्रोत ‘आत’ असं दोनदा टेकवायचं, कारण चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत. ट्रामला फाटक नसतं, यंत्र आत दाराशी असतं. तिथं उतरताना टेकवायला माणूस सगळ्यात जास्त विसरतो.

उतरायचं ‘ब्लाक’ स्टेशनवर. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत. तुमची गाडी रॉटरडॅम सेंट्रालपर्यंतच असेल तर तिथून डी किंवा ई मेट्रोनं ‘बूर्स’ला या, आणि बूर्सहून ए, बी किंवा सी मेट्रोनं एकच स्टेशन पुढे ब्लाक. सकाळी सव्वानऊच्या आसपास पोचावं.

वर रस्त्यावर आल्यावर एक सवय मोडा. तिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचं. लालसर डांबराची पट्टी सायकलींची असते. फोटो काढायला मागे सरकत त्या पट्टीवर उभं राहणं ही पाहुण्यांची सगळ्यात मोठी चूक. सायकलवाले जोरात येतात, घंटी वाजवतात, थांबत मात्र नाहीत.

बाजार: बिनेनरोटे

स्टेशनातून वर आलं की समोर लांबच लांब मोकळं मैदान आणि त्यावर शेकडो गाड्या. जागेचं नाव बिनेनरोटे. रोटे ही इथली मूळ नदी. तेराव्या शतकात तिच्यावर धरण, म्हणजे ‘डाम’ घातलं, तेच रॉटरडॅम. पुढं नदीचं हे पात्र बुजवून वर रेल्वेचा उंच पूल झाला, आणि १९९३ मध्ये रेल्वे जमिनीखालच्या बोगद्यात गेल्यावर ही पट्टी मोकळी झाली. बाजार एवढा सरळ आणि लांबट का, याचं उत्तर त्यात आहे: तुम्ही आधी नदीवर आणि मग रेल्वेवर उभे आहात.

आधी एक फेरी काही न घेता मारा. भाव पाटीवर लिहिलेला असतो, घासाघीस चालत नाही. फळं हातानं दाबून बघू नका, बोटानं दाखवा. मापं नीट समजून घ्या, कारण पाट्यांवर किलोऐवजी जुने शब्द असतात. ‘पोंट’ म्हणजे ५०० ग्रॅम, ‘हाल्फ पोंट’ म्हणजे आपला पावकिलो, आणि ‘ऑन्स’ म्हणजे १०० ग्रॅम. चीजचा भाव १०० ग्रॅमचा आहे हे न पाहता एक किलो मागणारे नंतर चमकतात. पिशवी घरून न्या. बाजार उठायच्या वेळी, दुपारी चारच्या पुढं, उरलेली फळं वाटी-वाटीनं एक-दोन युरोत जातात. पण तुम्हाला पुढं दिवसभर चालायचं आहे, ते ओझं सकाळी घेऊ नका आणि संध्याकाळसाठी परत येऊही नका.

आपल्या माणसाला इथली सुरीनामी भाजी बघून बरं वाटतं. सुरीनाम ही दक्षिण अमेरिकेतली पूर्वीची डच वसाहत. १८७३ पासून उत्तर भारतातले हजारो मजूर करारावर तिथं नेले गेले आणि त्यांच्या वंशजांतले पुष्कळ जण पुढं हॉलंडला आले. म्हणून इथं ‘सोप्रोपो’ नावानं कारलं मिळतं, ‘काउसेबांट’ नावानं हातभर लांब चवळीच्या शेंगा मिळतात, भेंडी मिळते, कोथिंबिरीच्या जुड्या मिळतात. ‘मादाम जानेत’ ही पिवळी, फुगीर मिरची दिसायला भोळी आहे. संकेश्वरी मिरची रोज खाणाऱ्यानंही भाजीत आधी अर्धीच घालावी.

खायला सुरीनामी ‘रोटी’ घ्या. पोळीत भरडलेली पिवळी डाळ भरलेली असते, पुरणपोळीसारखी पण तिखटमिठाची, आणि बरोबर बटाटा, शेंगा. शाकाहारी मागितली तरी उकडलेलं अंडं येतं, म्हणून ‘झोंडर आय’, म्हणजे अंड्याशिवाय, असं सांगायचं. ‘बारा’ म्हणजे उडदाचा वडा, चटणीबरोबर देतात. नुसते बटाट्याचे काप घेणाऱ्या शाकाहाऱ्यांनी तेल विचारावं. काही ठिकाणी ते गोवंशाच्या चरबीत तळतात, ‘प्लांटआर्डिख’ म्हणजे वनस्पती तेल. मासे खाणाऱ्यांनी ‘किबलिंग’ घ्यावं, माशाचे पिठात तळलेले तुकडे. ‘हारिंग’ हा मिठात मुरवलेला पण कच्चा मासा आहे. तो आधी एकाच्यात वाटून चाखा.

चीजचं थोडं जास्त सांगतो, कारण तिथं लोक गोंधळतात. ‘योंग’ चार आठवड्यांचं, मऊ आणि जवळपास अळणी. ‘बेलेगन’ चार महिन्यांच्या आसपास. ‘आउट’ दहा महिन्यांच्या पुढचं, कडक, खारट, दातांखाली कणी येणारं. पहिल्यांदा खाणाऱ्याला मधलं ‘योंग बेलेगन’ रुचतं. चाखायला मागितलं तर कापून देतात. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. वनस्पतीजन्य किंवा ‘मायक्रोबिएल’ विरजणाचं चीज वेगळं मिळतं, तेच मागा.

मार्कटहाल: मान वर करून बघायची जागा

बाजाराच्या काठावरच घोड्याच्या नालेसारखी चाळीस मीटर उंच इमारत आहे. हा २०१४ मध्ये उघडलेला बंदिस्त बाजार, ‘एमव्हीआरडीव्ही’ या रॉटरडॅमच्याच वास्तुरचनाकारांचा. बघण्यासारखी गोष्ट ही की कमान नुसती छत नाही, ती वस्ती आहे. तिच्या जाडीत २२८ घरं आहेत. काहींच्या खिडक्या थेट बाजारावर उघडतात आणि वास-आवाज आत येऊ नये म्हणून तिथं तिहेरी काच आहे. दोन्ही टोकांच्या काचेच्या भिंती चौकटीत बसवलेल्या नाहीत. बॅडमिंटनच्या रॅकेटच्या तारांसारखं पोलादी दोऱ्यांचं जाळं ताणून त्यावर काचा टांगल्या आहेत. वादळी वाऱ्यात भिंत थोडी आत-बाहेर होते. कडक असती तर फुटली असती.

आतल्या वक्र छतावर ११ हजार चौरस मीटरचं चित्र आहे, ‘होर्न देस ओव्हरव्हूट्स’, भरभराटीचं शिंग. आर्नो कूनन आणि इरिस रोसकाम यांचं. फळं, धान्य, मासे, फुलं, किडे. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी टेबलावरच्या फळांची, फुलांची जी चित्रं काढली, त्यांचाच हा वारसा. चित्र ज्यांवर आहे त्या पत्र्यांना बारीक भोकं आहेत, त्यामुळे हॉलमधला गलका शोषला जातो. किल्ल्यातल्या कमल बस्तीत छताचं दगडी कमळ बघताना जसं मधोमध उभं राहून मान मागे टाकतो तसंच इथं करा, आणि मग बाजूला उभं राहा, कारण मधून हातगाड्या जातात. पार्किंगकडे उतरणाऱ्या जिन्यालगत खोदकामात सापडलेल्या जुन्या वस्तू काचेत मांडल्या आहेत. फुकट आहे आणि फारसं कुणी जात नाही, तुम्ही जा.

खाणं मात्र बाहेरच्या बाजारात करा. आतल्या दुकानांत तेच महाग पडतं. शौचालयाला पैसे पडतात, नाणी किंवा कार्ड हाताशी ठेवा.

घनघरं आणि जुनं बंदर

रस्त्यापलीकडे पिवळी, कोपऱ्यावर उभी केलेली घरं दिसतात. वास्तुरचनाकार पीट ब्लोम यांची कल्पना, १९८४ मध्ये पूर्ण झाली. ३८ लहान घनघरं आणि दोन मोठी. त्यांच्या मनात प्रत्येक घर म्हणजे झाड आणि सगळी मिळून रान. सहाकोनी खांब हे खोड, वरचा तिरका घन ही फांद्यांची छत्री. खालून मोटारींचा रस्ता जातो, म्हणजे हे रान एका पुलावर उभं आहे. एक घर ‘काइक-कुबुस’ म्हणून अकराच्या सुमारास लोकांसाठी उघडतं. थोड्या युरोंत तिकीट मिळतं. जरूर आत जा, कारण बाहेरून गंमत वाटणाऱ्या या घराची अडचण आतच कळते: भिंती तिरक्या असल्यामुळे जमिनीचा जवळपास चौथा भाग वापरताच येत नाही आणि प्रत्येक कपाट मापानं करून घ्यावं लागतं. जिने अरुंद आणि खडे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली चौकात बसावं. बाकीच्या घरांत लोक राहतात, त्यांच्या खिडक्यांत डोकावू नका.

मागच्या बाजूनं उतरलं की जुनं बंदर. तिथली पांढरी दहा मजली इमारत म्हणजे ‘व्हिट्टे हाउस’, १८९८ ची, ४३ मीटर उंच. आगीतून वाचलेली. घनघरांकडे पाठ करून ती बघा, मग वळून घनघरं बघा. शहराचं सारं सांगून होतं.

चर्च, कूलसिंगेल आणि ‘ती वस्तू’

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला सेंट लॉरेन्स चर्च, बांधकाम १४४९ ते १५२५. शहरातली एवढीच एक मध्ययुगीन इमारत उरली, तीही १९४० मध्ये जळून भिंतींवर आली होती. दुरुस्ती १९६८ पर्यंत चालली. मोठ्या दाराचे ब्राँझचे पट बघायला विसरू नका. इटालियन शिल्पकार जाकोमो मान्झू यांनी त्यावर युद्ध आणि शांतता कोरली आहे. समोर रॉटरडॅमचा विचारवंत एरास्मस याचा पुतळा, १६२२ चा. पोरांना सांगतात की चर्चचं घड्याळ वाजलेलं ऐकलं की तो हातातल्या पुस्तकाचं पान उलटतो.

इथून दहा मिनिटांत कूलसिंगेल हा मोठा रस्ता. बेयेनकोर्फ या मोठ्या दुकानाची इमारत मार्सेल ब्रॉयर यांची, १९५७ ची. बेयेनकोर्फ म्हणजे मधमाश्यांचं पोळं, म्हणून भिंतीवरच्या दगडी फरशा षटकोनी. तिच्यासमोरची उंच, पिळदार पोलादी रचना नाउम गाबो यांची. गावकरी तिला नुसतं ‘ती वस्तू’ म्हणतात. एका बाजूनं बघून पुढं जाऊ नका, तिच्याभोवती अर्धी फेरी मारा. दर चार पावलांनी आकार बदलतो. शेजारची लाइनबान ही १९५३ ची, फक्त चालणाऱ्यांसाठी आखलेली पेठ. आज साधी वाटते. तेव्हा हे नवं होतं, आणि पुढं कितीतरी शहरांनी उचललं.

वेस्टरसिंगेल ते डेपो

सिंगेल म्हणजे किल्ल्याच्या खंदकासारखा लांबट कालवा. वेस्टरसिंगेल संरक्षणासाठी नाही खणला. पटकीच्या साथींनंतर १८५४ मध्ये मंजूर झालेल्या पाणी-योजनेत शहरातलं घाण पाणी वाहतं राहावं म्हणून हे कालवे आखले. आता त्याच्या हिरव्या काठावर शिल्पं आहेत, त्यात फ्रेंच शिल्पकार रोदँचा बिनडोक्याचा, बिनहाताचा ‘चालणारा माणूस’ही. शिल्प आणि तुमच्यामध्ये काच नाही, दोर नाही. जवळ जा, पण चढू नका.

दुपारी तीनच्या आत म्युझियमपार्कमध्ये पोचा. तिथला आरशांचा वाडगा म्हणजे बोयमान्स फान ब्युनिंगन संग्रहालयाचा डेपो, २०२१ चा, पुन्हा ‘एमव्हीआरडीव्ही’चाच. १,६६४ आरसे, ३९.५ मीटर उंची. खाली अरुंद, वर रुंद, कारण पायथ्याशी बागेची जागा कमीत कमी जावी. आत दीड लाखाहून जास्त कलाकृती साठवल्या आहेत आणि त्या काळानुसार किंवा चित्रकारानुसार लावलेल्या नाहीत. त्यांना कोणती हवा सोसते त्यावरून लावल्या आहेत: धातू वेगळा, लाकूड-कॅनव्हास वेगळं, छायाचित्रं वेगळी. म्हणून जुन्या चित्राशेजारी नवं दिसतं, गोंधळू नका. तिकीट आधी ऑनलाइन घ्या, वेळ ठरलेली असते. पिशवी आणि कोट लॉकरमध्ये ठेवावे लागतात. गच्चीवर बर्चची झाडं आहेत आणि तिथून सगळं शहर दिसतं.

हृदय गेलेल्या शिल्पाकडे, मग संध्याकाळी पुलावर

पाय दमले असतील तर एंड्राख्टस्प्लेनहून मेट्रोनं बूर्स, तिथून डी किंवा ई नं लूव्हेहावन. बाहेर पडल्यावर जवळच ओसिप झाडकिन यांचं ‘उद्ध्वस्त शहर’ हे शिल्प, १९५३ चं. हात आभाळाकडे फेकलेला ब्राँझचा माणूस, आणि छाती-पोटाच्या जागी आरपार भोक. त्या भोकातून पलीकडचं शहर दिसेल असे उभे राहा. इथं मोठ्यानं बोलू नये. आसपासच्या फरसबंदीत लाल दिवे बसवलेले दिसले तर ती ‘ब्रांटग्रेन्स’, आग जिथपर्यंत पोचली तिची रेषा. अंधारात ती पेटते.

मग एरास्मस पूल. १९९६ चा, रचना बेन फान बर्केल यांची, ८०२ मीटर लांब, वाकडा खांब १३९ मीटरचा. आपला गोकाकचा झुलता पूल दोन टोकांना टांगलेल्या दोरांवर लोंबतो. इथं तसा लोंबता दोर नाही, प्रत्येक दोर खांबावरून सरळ रस्त्याला बांधला आहे आणि खांब मागे झुकून तो भार ओढून धरतो. उघडल्याच्या वर्षीच पाऊस आणि वारा एकदम आले की हे दोर थरथरायला लागले. दोरावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या धारेनं त्याचा आकार वाऱ्याला वेगळा लागत होता. मग दोरांच्या पायथ्याशी धक्का शोषणारी यंत्रं बसवली. चालताना ती दिसतात. पुलाचा दक्षिणेकडचा तुकडा जहाजांसाठी उचलतो. फाटक पडलं तर काठावर थांबा आणि बघा, धावू नका.

पलीकडे ‘दे रॉटरडॅम’ ही इमारत, रेम कोलहास यांच्या ‘ओएमए’ची २०१३ मधली, सुमारे १५० मीटर उंच, एकमेकांवर सरकवून ठेवलेल्या पेट्यांसारखी. टोकाला हॉटेल न्यूयॉर्क, पूर्वीची हॉलंड-अमेरिका जहाज कंपनीची कचेरी. इथूनच लाखो लोक अमेरिकेला गेले. चहा तिथं घ्या, आणि परतीला व्हिल्हेल्मिनाप्लेन स्टेशनवरून डी किंवा ई मेट्रो सेंट्रालला. उतरताना कार्ड टेकवा.

दिवस बिघडला तर

सकाळपासून पाऊस लागला तर क्रम उलटा करा: अकराला डेपो, मग मार्कटहाल आणि घनघर, पूल शेवटी. वारा फार असेल तर पूल चालत ओलांडू नका, मेट्रोनं पलीकडे जाऊन मागे वळून बघा, तसा तो जास्त चांगला दिसतो. वेळ कमी पडला तर लाइनबान आणि हॉटेल न्यूयॉर्क सोडा. झाडकिन सोडू नका. निपाणीच्या मंडळींना दुसरा अर्धा दिवस मिळाला तर फान नेलेचा कारखाना बघा, १९२५ ते १९३१ मध्ये बांधलेला, २०१४ पासून जागतिक वारसा. चहा, कॉफी आणि तंबाखू तिथं काचेच्या भिंतींमागे उजेडात बांधली जायची. तंबाखूच्या वखारीतला अंधार आणि खकाणा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो उजेड कशासाठी हे कुणी सांगावं लागणार नाही. आत फक्त गाईडबरोबर सोडतात, आधी नोंदवा.